हिमोग्लोबिन ८.६ : गोळ्यांऐवजी आयुर्वेदिक आहार-औषधांनी ते वाढवता येईल का?

माणदेशी मास्तरीण

नमस्कार. माझे वय ३९ वर्षे, वजन ५० किलो असून सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात मी प्राथमिक शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात शाळेत मुलींची रक्ततपासणी होती. मुली सुईला घाबरत होत्या, म्हणून त्यांना धीर यावा या हेतूने मी आधी बोट पुढे केले आणि माझेच हिमोग्लोबिन कमी निघाले. नंतर तालुक्याच्या गावी नीट तपासणी केली, तेव्हा ते ८.६ भरले. जिना चढताना लागणारी धाप, संध्याकाळी पोटऱ्यांत येणारे गोळे आणि कारण नसताना मुलांवर होणारी चिडचिड हे सारे मी आजवर वयाच्या आणि कामाच्या खाती टाकत आले होते.

डॉक्टरांनी लोहाची एक आणि कॅल्शियमची एक अशा दोन गोळ्या दिल्या. त्या मी रोज सकाळी शाळेत निघण्यापूर्वी चहा-पोळीबरोबर घेत असे. पंधरा दिवसांत मळमळ आणि बद्धकोष्ठता सुरू झाली आणि शौचाचा रंग काळा दिसू लागल्यावर घाबरून मी दोन्ही गोळ्या बंद केल्या. आमचे घर माळकरी असल्याने मांस, मासे, अंडी यांचा प्रश्नच येत नाही. सासूबाई अळिवाचे लाडू आणि गूळ-शेंगदाणे खाण्याचा आग्रह करतात, शेजारच्या वहिनींनी रोज बीट, गाजर आणि डाळिंबाचा रस घ्यायला सांगितले आहे, आणि एका नातेवाइकांनी 'लोहभस्म' म्हणून कागदाच्या तीस पुड्या आणून दिल्या आहेत. त्या पुड्यांवर कसलेही नाव किंवा छाप नाही.

गोळ्यांऐवजी आहाराने आणि आयुर्वेदिक औषधांनी हिमोग्लोबिन वाढवता येईल का, आणि त्याला किती काळ लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पाळी सहा-सात दिवस चालते आणि पहिले तीन दिवस स्राव बराच असतो, पण माझ्या आईचेही तसेच होते. आणखी एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो. वर्षभरापासून मला पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे चघळण्याची सवय लागली आहे. वर्गातल्या मुलांना ज्यासाठी रागावते तेच मी मधल्या सुट्टीत करते. याचा या विषयाशी संबंध नसेल, तर सोडून द्यावे.

वैद्य, कायचिकित्सा (पुणे)

ताई, आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ आपण शेवटी आणि संकोचाने लिहिली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सोळावा अध्याय पांडुरोगाचा, म्हणजे रक्त कमी होऊन अंग फिकट पडण्याच्या रोगाचा आहे आणि त्यात पांडूचे पाच प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक (तिन्ही दोषांमुळे होणारा) आणि मृद्भक्षणजन्य, म्हणजे माती खाल्ल्याने होणारा. माती, खडू, पेन्सिल, भिंतीचे पोपडे, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची अनिवार ओढ लोहाची उणीव असलेल्या अनेकांना लागते, आणि शरीरात लोह भरू लागले की बहुधा ती आपोआप सुटते. चरकांनी मातीला रोगाचे कारण मानले आणि आजचे वैद्यकशास्त्र त्या ओढीला बहुधा उणिवेचे लक्षण मानते, पण दोन्ही दिशा खऱ्या असू शकतात, कारण पोटात गेलेली माती अन्नातल्या लोहाला आतड्यात अडकवून ठेवू शकते. तेव्हा लाज वाटण्याजोगे यात काहीही नाही. त्याच अध्यायात पांडूच्या रोग्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात, तो चिडखोर होतो, कमी बोलतो, त्याला थंडी सोसत नाही आणि कानात आवाज येतात, असे वर्णन आहे. आपली चिडचिड कामाची नसून रक्ताची असण्याची शक्यता बरीच आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नातला 'गोळ्यांऐवजी' हा शब्द. आयुर्वेद म्हणजे रस, लाडू आणि पालेभाज्या, तर लोहाच्या गोळ्या म्हणजे 'इंग्रजी' औषध, अशी वाटणी लोकांच्या मनात पक्की बसली आहे. परंतु ग्रंथांना ती ठाऊक नाही. पांडूवरचे सर्वांत प्रसिद्ध औषध म्हणजे त्याच अध्यायातले नवायस चूर्ण. सुंठ, मिरे, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक या नऊ द्रव्यांचा प्रत्येकी एक भाग आणि त्या सर्वांच्या बरोबरीने, म्हणजे नऊ भाग, लोहाचे चूर्ण असा त्याचा पाठ असून ते मध आणि तुपाबरोबर घ्यायचे असते. म्हणजे औषधाचे निम्मे वजन लोहाचेच आहे. पुनर्नवा मंडुरातला मंडूर हे लोखंड गाळताना सुटणारे कीट आहे, आणि धात्री लोह, लोहासव, ताप्यादि लोह यांच्या नावांतच ते काय आहेत हे सांगितलेले आहे. लोह कमी पडले असता लोहच द्यावे, याबाबत चरकांचे आणि आपल्या डॉक्टरांचे एकमत आहे, आणि असे एकमत रोज होत नाही.

फरक आहे तो लोहाच्या सोबतीचा. पांडूचा विचार आम्ही अग्नीपासून, म्हणजे पचनापासून सुरू करतो. नवायसातले त्रिकटू (सुंठ, मिरे, पिंपळी) आणि चित्रक हे अग्नी वाढवणारे आहेत, तर वावडिंग कृमींवरचे द्रव्य आहे. शेतात अनवाणी वावरणाऱ्यांच्या आतड्यात अंकुशकृमी शिरून रक्त शोषतात हे लक्षात घेतले, तर वावडिंगाची जागा चांगलीच समजते. आवळ्यामुळे लोह अधिक शोषले जात असेल, असे म्हणण्याचा मोह होतो खरा, पण हिरड्या-बेहड्यांत तुरट द्रव्येही भरपूर असतात आणि ती शोषणाच्या आड येतात. म्हणून प्रत्येक जुन्या पाठात आजचे जीवरसायन शोधण्याची हौस मी आवरती घेतो.

नातेवाइकांनी दिलेल्या पुड्या मात्र कृपा करून आजच बाजूला काढाव्यात. लोहभस्म करताना लोखंड आधी तापवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाच्या काढ्यात पुन्हा पुन्हा विझवतात, मग त्रिफळ्याच्या काढ्यात खलून त्याला अनेक पुटे देतात (म्हणजे बंद भांड्यात पुन्हा पुन्हा भाजतात), आणि शेवटी ते पाण्यावर तरंगते का, बोटांच्या रेषांत शिरते का, हे पाहतात. निनावी पुडीत यातले काय झाले आहे हे कोणालाही सांगता येणार नाही. परवानाधारक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, तुकडीचा क्रमांक आणि निर्मितीची तारीख छापणे बंधनकारक आहे. निनावी भस्मांत शिसे सापडल्याची उदाहरणे आहेत, आणि शिसे हे स्वतःच हिमोग्लोबिन तयार होण्याची प्रक्रिया रोखते. म्हणजे पांडूच्या उपचाराने पांडू व्हायचा.

ग्रंथात पांडूच्या रोग्याला जुने तांदूळ, जव व गहू आणि त्यांच्याबरोबर मूग, तूर व मसूर यांची कढणे सांगितली आहेत (जांगल प्राण्यांच्या मांसाचा रसही सांगितला आहे, पण तो आपल्या घरी चालणार नाही). माझ्याकडे लोक वर्तमानपत्रातून कापलेली फळांच्या रसांची यादी घेऊन येतात, त्यापेक्षा मसुराचे कढण नक्कीच बरे.

औषध लिहिण्यापूर्वी मला आपला संपूर्ण रक्तगणनेचा अहवाल, विशेषतः एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) हा आकडा, आणि त्याशिवाय फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारा आकडा) व ब१२ जीवनसत्त्व पाहावे लागेल. पाळीच्या स्रावाचे कारण शोधण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफीही करून घ्यावी. 'आईचेही असेच होते' हे कारण होत नाही, कारण आईचेही हिमोग्लोबिन कोणी मोजले नसावे. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखले, चक्कर येऊन पडल्या, किंवा आकडा ७ च्या खाली गेला, तर आमच्यापैकी कोणाच्याही उत्तराची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

उल्हासनगरकर

वैद्यांनी एमसीव्ही पाहायला सांगितले आहे, त्यावर माझा स्वतःचा अनुभव लिहितो, कारण तो आकडा वेळेवर पाहिला असता, तर माझी तीन वर्षे वाचली असती. आम्ही सिंधी आहोत. महाविद्यालयात असताना माझे हिमोग्लोबिन १०.९ निघाले आणि तेव्हापासून घरच्यांनी खजूर, काळ्या मनुका आणि पालक, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि एका ओळखीच्या गृहस्थांनी लोहासव असे सर्व काही मला दिले. आकडा तसूभरही हलला नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी जुने अहवाल एका ओळीत मांडून दाखवले. लाल पेशींचा आकार लहान, एमसीव्ही ६३, पण पेशींची संख्या मात्र नेहमीपेक्षा जास्त, आणि फेरिटिन उत्तम. हिमोग्लोबिन ए२ ची तपासणी केली, तेव्हा मी थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका आनुवंशिक दोषाचा वाहक असल्याचे कळले. माझ्या शरीराला लोह कमी नव्हतेच, त्यामुळे ते देऊन उपयोग होणार नव्हता.

मायनर असणे हा आजार म्हणता येत नाही आणि मला कसलाही त्रास नाही. परंतु पती-पत्नी दोघेही मायनर असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याच दोषाच्या गंभीर आजाराचे असण्याची शक्यता शेकडा २५ असते, म्हणून आमच्या घरात आता लग्नापूर्वी ही तपासणी होते. सिंधी, पंजाबी, कच्छी आणि लोहाणा कुटुंबांत याचे प्रमाण अधिक आहे. विदर्भातील आणि नंदुरबारकडील वाचकांनी सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तदोषाचीही तपासणी करून घ्यावी. ताईंच्या बाबतीत पेन्सिल आणि पाळी पाहता लोहाचीच उणीव असावी, पण माझ्या बाबतीतही सर्वांना तसेच वाटत होते.

अन्नशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका

मी औषधांबद्दल बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. मात्र 'आहाराने किती काळ लागेल' या प्रश्नाचे उत्तर गणितात देता येते, आणि आपण शिक्षिका आहात, म्हणून मांडून दाखवते.

५० किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात सुमारे साडेतीन लिटर रक्त असते. हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तामागे एका ग्रॅमने वाढवायचे, म्हणजे ८.६ चे ९.६ करायचे, तर सुमारे १२० मिलिग्रॅम लोह रक्तात उतरावे लागते. स्त्रियांसाठी १२ ही किमान पातळी धरली जाते. तिथपर्यंत जायला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागेल, आणि शरीराची रिकामी झालेली कोठारे भरायला त्याहून निराळे. आता ताटाकडे पाहू. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात साडेसहा मिलिग्रॅमच्या जवळपास, तेवढ्याच लाल माठात सातच्या आसपास आणि ३० ग्रॅम मटकीत सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे दोन भाकऱ्या, माठाची भाजी आणि मटकीची उसळ असे भरभक्कम जेवण झाले, तर पोटात १६ मिलिग्रॅम गेले. त्यातले शोषले जाते शेकडा पाच ते आठ, म्हणजे जेमतेम एक मिलिग्रॅम. दिवसभरात दोन मिलिग्रॅम मिळाले असे धरले, तरी शरीर एरवीच रोज एकाच्या आसपास गमावते, आणि पाळीचा स्राव जास्त असेल, तर महिन्याचे आणखी २५-३० मिलिग्रॅम जातात, म्हणजे रोजचे सुमारे एक. शिल्लक काय राहिली, ते आपणच मांडून पाहावे. उणीव असताना आतडे लोह अधिक ओढून घेते, त्यामुळे हिशेब अगदी शून्यावर येत नाही. पण अर्धा मिलिग्रॅम रोज शिल्लक पडला, तरी ४०० व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणून एवढी घसरण एकट्या आहाराने भरून काढण्याची आशा मी कोणाला दाखवत नाही. भरून काढलेले टिकवणे मात्र आहाराचेच काम आहे, आणि ते कमी दर्जाचे काम नाही.

आपल्याला सुचवलेल्या पदार्थांविषयी सांगते. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असते आणि डाळिंबात त्याच्याही निम्म्याहून कमी. त्यांचा लाल रंग हा रक्ताचा रंग नव्हे, एवढेच. रस काढून चोथा टाकण्यापेक्षा ते चावून खावे, डाळिंबाला चव छान असते. गुळात लोह आहे, परंतु आपण खातो तो खडा २० ग्रॅमचा, त्यातून एक मिलिग्रॅमही मिळत नाही. सासूबाईंचे अळीव मात्र खरोखर लोहाने समृद्ध आहे, आणि ओल्या नारळात ते भिजवून लाडू करण्याची आपली बाळंतिणीची रीत उत्तमच आहे. रोज एक लाडू जरूर खावा. लाडवावर लिंबू पिळता येत नाही, म्हणून मागून पेरूच्या दोन फोडी किंवा एक आवळा खावा.

कारण खरी मेख शोषणात आहे. धान्ये, कडधान्ये आणि पालेभाज्या यांतले लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीने चांगले शोषले जाते, आणि चहा-कॉफी ते अर्ध्याहूनही अधिक अडवू शकतात. आपल्याकडे जेवण होताच चहा घेण्याची पद्धत शिक्षकांच्या खोल्यांमध्ये फार आहे (मीही तीस वर्षे तेच केले). चहा सोडा असे मी म्हणत नाही, जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास तो दूर ठेवावा. लिंबू भाजी शिजताना न पिळता ताटात पिळावे, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. मटकी, मूग, चवळी यांना मोड आणावेत. भिजणे, मोड येणे आणि आंबणे या प्रत्येक टप्प्यावर लोहाला जखडून ठेवणारे फायटेट कमी होते. नाचणीचेही पीठ मोड आणून केलेले असावे. गाळून केलेल्या सत्त्वात कोंड्याबरोबर काही लोह निघून जाते, ते तान्ह्या मुलांसाठी ठीक आहे.

आणि माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई खाली काढावी. बिनचिकट भांडी आली आणि आपल्या आमटी-भाजीतून लोहाचा एक जुना, फुकटचा स्रोत गेला. लोखंडात आंबट पदार्थ शिजवला की लोह अन्नात उतरते, म्हणून टोमॅटोची भाजी, चिंचेची आमटी किंवा ताकातला माठ त्यात करावा. पदार्थ काळपट दिसेल, तो तसाच दिसायला हवा. शिजल्यावर तो लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा, नाहीतर धातूची चव येते. कढई धुऊन पुसून तेलाचा हात लावून ठेवली, म्हणजे गंजत नाही.

शेवटी आपल्या गोळ्यांची वेळ. लोह, कॅल्शियम आणि चहा हे तिन्ही आपण एकाच घोटात घेत होता, तेव्हा त्रास तेवढा झाला आणि उपयोग बहुधा झालाच नाही. कॅल्शियम आणि चहा हे दोघेही लोहाला अडवतात. डॉक्टरांना विचारून कॅल्शियम दिवसाच्या दुसऱ्या टोकाला न्यावे. शौचाचा काळा रंग लोहाच्या गोळीने येतोच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गोळ्यांची पाकिटे मात्र घरातल्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवावीत. चार-पाच गोळ्या एकदम पोटात गेल्या, तर लहान मुलाच्या जिवाला धोका होऊ शकतो.

सोलापूरकर

प्राध्यापिकाबाईंनी बिटाच्या रंगाचा उल्लेख केला, म्हणून लिहितो. माझ्या वडिलांचे हिमोग्लोबिन वयाच्या ६४ व्या वर्षी ९ वर आले होते. आम्ही भावंडांनी त्यांना पाच महिने रोज सकाळी मोठा पेला भरून बिटाचा रस दिला. शौचाला तांबडे दिसते असे ते मधूनमधून म्हणत आणि बिटाने तसे होते, असे आम्हीच त्यांना समजावत होतो. बिटाने तसे होतेही. पण त्यांचे तांबडे बिटाचे नव्हते. मोठ्या आतड्यात गाठ होती आणि तिच्यातून रक्त जात होते. ती शस्त्रक्रियेने काढली, आज ते बरे आहेत. पुरुषाचे, किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन उतरले, तर आधी रक्त कुठून जाते आहे हे पाहायचे असते, असे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला त्या वेळी सांगितले.

माणदेशी मास्तरीण

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवडे उत्तर लिहिले नाही, कारण नुसते आभार मानण्यापेक्षा काही सांगण्यासारखे हाती यावे, असे वाटत होते.

अहवालात एमसीव्ही ६८ आणि फेरिटिन ६ आले, पेशींची संख्या कमीच होती. उल्हासनगरकरांचा अनुभव मी डॉक्टरांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी हिमोग्लोबिन ए२ ची तपासणीही केली आणि तीत काही दोष निघाला नाही. ब१२ थोडे कमी आहे, त्याच्या गोळ्या वेगळ्या सुरू आहेत. सोनोग्राफीत गर्भाशयात तीन सेंटिमीटरची एक गाठ दिसली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्राव कमी होण्यासाठी पाळीच्या दिवसांपुरत्या गोळ्या दिल्या असून शस्त्रक्रियेची घाई नाही, असे सांगितले आहे. लोहाचे औषध बदलून दिले आणि ते रोज न घेता एक दिवसाआड, रात्री हलके जेवण झाल्यावर लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितले. एकदा लोह घेतले की आतड्याची दारे शरीर दिवसभर आवळून धरते, म्हणून दिवसाआड घेतल्याने त्रास कमी होतो आणि शोषणही चांगले होते, असा त्याचा खुलासा त्यांनी केला. मळमळ जवळजवळ थांबली आहे. बद्धकोष्ठतेसाठी रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका आणि सकाळी कोमट पाणी एवढे पुरते.

काल हिमोग्लोबिन १०.३ आले. कढई माळ्यावरून नव्हे, तर कोंबड्यांना पाणी ठेवण्याच्या जागेवरून परत आणली आहे. सासूबाईंना आपली कढई आपल्या सुनेने 'तज्ज्ञांच्या सल्ल्याने' पुन्हा वापरात काढली याचा आनंद लाडवांपेक्षा जास्त झाला. पुड्या मी नातेवाइकांना परत दिल्या आणि ते थोडे रुसले आहेत. आणि पेन्सिल चौथ्या आठवड्यात सुटली. सोडली असे म्हणता येणार नाही, एके दिवशी मधली सुट्टी संपली आणि आज आपण तुकडा तोंडात टाकलाच नाही, हे लक्षात आले.

आता एक शेवटची शंका आहे. वैद्यांनी सांगितलेले धात्री लोह या गोळ्यांच्या जोडीने सुरू केले, तर राहिलेले लवकर भरून निघेल का? आणि आकडा १२ वर गेला की सर्व बंद करायचे का?

वैद्य, कायचिकित्सा (पुणे)

ताई, जोडीने घेऊ नये. दोन्हींत लोहच आहे. एकाच वेळी दोन वाटांनी ते घेतले, तर आतडे तेवढे उचलणार नाही आणि पोटाचा त्रास मात्र दुप्पट होईल. शिवाय कशाने काय झाले, हे आपल्या डॉक्टरांनाही समजणार नाही आणि मलाही. सध्या ज्या औषधाने आकडा चढतो आहे आणि जे आपल्याला सोसते आहे, तेच चालू ठेवावे. पचन मंद वाटत असेल, तर जेवणापूर्वी आल्याचा तुकडा, लिंबू आणि सैंधव एवढे पुरे. त्यात लोह नाही आणि कशाला आडवेही येत नाही.

१२ वर थांबू नये. हिमोग्लोबिन भरले, तरी कोठारे रिकामीच असतात. आपले फेरिटिन ६ आहे. म्हणून आकडा सुधारल्यानंतरही औषध साधारण तीन महिने चालू ठेवण्याची पद्धत आहे, आणि ते बंद करण्यापूर्वी फेरिटिन पुन्हा मोजून घ्यावे. गाठ आहे तोवर महिन्याची गळती पूर्णपणे थांबणार नाही, तेव्हा दर सहा महिन्यांनी रक्त तपासावे. त्या वेळी गोळी नकोशी झाली आणि आपल्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर सर्व अहवाल घेऊन एखाद्या जवळच्या वैद्यांना भेटावे. नाडी, जीभ आणि पोट पाहिल्यावरच धात्री लोह किंवा पुनर्नवा मंडूर यांची मात्रा ठरवता येते, इथे लिहून ती सांगणे मला योग्य वाटत नाही.

आणि शाळेतल्या ज्या मुलींना धीर देण्यासाठी आपण बोट पुढे केले, त्यांच्यापैकी पेन्सिली खाणाऱ्या कोण आहेत, हे एकदा पाहून घ्यावे. शाळेत येणारी आठवड्याची लोहाची गोळी त्या घरी नेऊन फेकतात की तिथेच गिळतात, हेही पाहावे; आणि जंतनाशक गोळीच्या दिवशी त्या गैरहजर असतील, तर नंतर त्यांना ती आठवणीने मिळावी.